कर्णिकबाईंची साठ लिटरची टाकी

कुंभिवलीला हायवेलगत गॅरेज टाकलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते टो होऊन दारात येतात! नुसत्या कर्णिकबाईंच्या गाडीनं आम्हाला महिनाभराचं सामान दिलं.

बाई कर्जतच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गाडी लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार, जमिनीपासून वीतभर. माझा पार्टनर उस्मानभाई त्यांचा जुना विद्यार्थी. बाई उतरल्या आणि हा पाना टाकून सरळ उभाच राहिला!

"उस्मान, चाळीस लिटरची टाकी काढ, साठची बसव."

"लांब जाता काय बाई?"

"नाही रे. प्रत्येक पंपावर विचारतात, साहेब कुठायत? मला पंपावर कमी थांबायचंय."

*

जुनी टाकी काढून बाजूला ठेवली होती. एक टेंपोवाला तिच्यावर बसून बिडी पेटवायला लागला. उस्मानभाईनं झेप घेऊन काडीपेटी हिसकावली.

"अरं, रिकामी हाय ना टाकी?"

"म्हणून तर! भरलेली जळते, रिकामी उडते. आत वाफ असते!"

टेंपोवाला उठला, टाकीला नमस्कार केला आणि चाकात हवा न भरताच निघून गेला.

*

नवी टाकी स्टेपनीच्या जागेत घुसणार होती.

"बाई, स्टेपनी घरी ठेवावी लागंल. वाटेत पंक्चर झालं तर?"

"तुझा नंबर आहे माझ्याकडे."

"नंबर सगळ्यांकडं हाय, बाई. मी उचलत नाय."

बाईंनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. तेव्हापासून हा पहिल्या रिंगला उचलतो. सगळ्यांचा!

*

टाकी उस्मानभाईनं स्वतः पत्रा वाकवून केलेली. बसवण्याआधी बाईंनी टेप लावली.

"ही अठ्ठावन्न भरते."

"लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. साठ!"

"कोपरे गोल केलेस, ते कोण वजा करणार?"

पाणी ओतून मोजलं. अठ्ठावन्न!

"दोनच लिटर कमी हाय, बाई."

"शाळेतही तुझे दोनच कमी पडायचे."

*

टाकी बसली, पेट्रोल भरायला बाई पंपावर गेल्या. कमी थांबायचं म्हणून मोठी टाकी, आणि ती भरायलाच इतका वेळ, की पंपवाल्यानं साहेबांची अख्खी चौकशी केली!

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"साहेब डिकीत आहेत."

*

शेवटचा किस्सा मला बाईंनीच सांगितला. उस्मानभाईचा नियम आहे, ज्यानं टाकी बसवली त्यानं ती भरल्यावर पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. गळली तर आपल्यासकट गळू दे! त्या दिवशीही बसला. कर्जतकडचा रस्ता मोकळा होता. बाईंनी पाय दाबला. खड्डा आला, टाकी गप्प. गाडी मात्र अशी उडाली, की उस्मानभाईनं डोळे मिटून घेतले आणि ओठ हलायला लागले.

"काय पुटपुटतोयस? दुआ?"

"नाय बाई. सतराचा पाढा."

बाईंनी गिअर बदलला.

"मोठ्यानं म्हण."