फळीवर अजून तीसच

पाण्याची वेळ पाच मिनिटांनी जरी बदलली तरी माझा दादा सायकल काढतो. तो पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन आहे, एकतीस वर्षं. खांद्यावर ती माणसाएवढी लोखंडी चावी, गळ्यात शिट्टी, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून एकच वाक्य: "उद्यापासून सव्वासहा, सहा नाही." लोक म्हणतात, ऑफिसने मोबाईलवर पाठवलंय की. दादा विचारतो, "पाठवलंय. तुम्ही वाचलंय का?" बाकी आयुष्यात मात्र हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. फोनवर "हं", "बरं" आणि "ठेवतो" एवढ्यात भावाचं कर्तव्य उरकतो. माझं लग्न ठरल्याचं आईने सांगितलं, तेव्हा म्हणे "बरं" म्हणाला आणि जेवायला बसला.

खुब्याचं हाड मोडून मी सात महिने घरात पडले, तेव्हा मुलीने कॉम्प्युटरवर तो खेळ लावून दिला. एक बर्फाळ रान, त्यात आपल्याला सोडून दिलेलं. लाकूड तोडा, शेकोटी पेटवा, लांडगे यायच्या आत डोक्यावर छप्पर घाला. असल्या रानांचे सर्व्हर असतात, एकेका मालकाने चालवलेल्या वसाहतीच म्हणा ना. आमच्या सर्व्हरवर साठेक माणसं होती. एकटीला कंटाळा येतो म्हणून मी दादाला ओढलं. आणि काय सांगू, कानाला हेडफोन लावून लाकूड तोडता तोडता दादा बोलायला लागला. दोन पाळ्यांच्या मधल्या दुपारी यायचा. वहिनीशी झालेलं भांडण, निवृत्तीनंतर दिवस कसा जाणार ही धास्ती, बाबा गेले त्या सकाळीही तो पाणी सोडायला का गेला होता, सगळं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा मला भाऊ मिळाला, तो त्या लाकडी घरात. घर त्याने हट्टाने माझ्या नावावर केलं होतं. मी दार चुकून बाहेर उघडणारं बसवलं होतं, आणि बर्फ साचला की अडकायचं. "इंजिनिअर बाई," दादा दर वेळी म्हणायचा, "फावडं घ्या."

मग खुब्याचं दुसरं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात तीन आठवडे. जायच्या आधी मी रानाच्या फाटकापाशी जाऊन नियमांची फळी नीट वाचली: घर ज्याच्या नावावर आहे तो तीस दिवस फिरकला नाही, तर घर पाडलं जाईल. एकवीस दिवस म्हणजे तीसच्या आत. मी निर्धास्त गेले.

तिकडे मोठी पाइपलाइन फुटली आणि आठवडाभर दादाला रानात डोकावायला सवड झाली नाही. नवव्या दिवशी गेला, तर घर नाही. आधी त्याला वाटलं, आपणच वाट चुकलो. ओढ्यापासून पावलं मोजत तीनदा आला. नुसता बर्फ, सामानाची पेटीसुद्धा नाही.

तीसचे सात झाले होते. मालकाने कळवलं नव्हतं असं नाही. दुसऱ्याच एका अ‍ॅपवर, 'किरकोळ बदल' ह्या मथळ्याखाली, अकराव्या ओळीत कळवलं होतं. दहाव्या ओळीत लांडग्यांच्या शेपट्या आता जास्त झुपकेदार दिसतील अशी खुशखबर होती. दादाने मालकाला लिहिलं.

"फाटकावरच्या फळीवर अजून तीसच आहे."

"फळी जुनी आहे," मालकाचं उत्तर आलं. "अ‍ॅपवर बघत जा."

"खेळ इथे आणि नियम तिथे?"

"उगाच सगळ्यांना त्रास नको म्हणून."

"आणि घर गेल्याचा त्रास?"

दादाला चैन पडेना. एक अख्खी दुपार त्याने फाटकापाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला "तीस नाही, सात" सांगण्यात घालवली. कोणी आभार मानले, कोणी वेड्यात काढलं. मग कुऱ्हाड घेऊन तो लाकूड तोडायला लागला. मी घरी यायला बारा दिवस होते.

मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की दादा रोज फोन करतोय. टाके कसे आहेत, झोप लागते का. रोज! ज्याने वर्षभरात चार फोन केले नाहीत, तो रोज करायला लागल्यावर मी कारण शोधायला लागले. डॉक्टरांनी त्याला काहीतरी सांगितलंय आणि सगळे मिळून माझ्यापासून लपवतायत, असं मी दोन दिवसांत ठरवूनच टाकलं. रिपोर्ट दोनदा मागवले. नर्स हसली तरी संशय, नाही हसली तरी संशय. मुलीला खोदून खोदून विचारलं, तर ती चिडली.

"दादा, खरं सांग, काय झालंय?"

"कुठे काय. घरी यायची घाई करू नकोस."

ह्या एका वाक्याने माझी उरलीसुरली झोप उडाली. मुलीला कपाटाच्या चाव्या कुठे असतात तेही मी सांगून ठेवलं.

घरी आले ती वॉकर टेकत थेट कॉम्प्युटरसमोर. घर जागच्या जागी होतं. खिडकीतून शेकोटी, दोन खाटा, माझं बाकडं दिसत होतं. मी दार ओढायला गेले, आणि ते अलगद आत उघडलं. एकतीस वर्षं बिघाड काढत आलेल्या हाताला चुकीचं दार बसवायला जमलंच नव्हतं. मी फोन लावला.

"घर कधी पडलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"दाराने."

"तुला टाके होते गं. म्हटलं, नंतर बघू."

"पाच मिनिटांसाठी गावभर सायकल फिरवतोस," मी म्हणाले, "आणि मी तिथे बारा दिवस मरणाची वाट बघत पडले होते, दादा. मला वाटलं, माझंच काहीतरी लपवताय."

त्याने फोन ठेवला. "ठेवतो" असंही म्हणाला नाही. पुढचे दोन दिवस त्याचा फोन नाही, रानातही नाही. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या, वॉकरच्या रबरांनी फरशी काळी केली. जास्त बोलले की कमी बोलले, हे ठरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर शिट्टी वाजली. दादा रजा टाकून पहिल्या बसने आला होता. आत ये म्हटलं तर येईना. गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो तसाच उभा राहिला आणि तारीखवार सांगायला लागला: घर कधी गेलं, त्याला कधी कळलं, लाकूड किती लागलं. मग चष्मा लावून मोबाईलवरून मालकाशी झालेलं बोलणं वाचून दाखवू लागला. "खेळ इथे आणि नियम तिथे," त्याने वाचलं. "उगाच सगळ्यांना त्रास नको म्हणून."

तिथे तो थांबला. पुढचं वाचलंच नाही. मोबाईल खिशात घातला आणि शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "दार परत बाहेर उघडणारं करू का?"

"कर," मी म्हणाले. "पण आधी आत ये."

त्याने चपला काढल्या, माझ्यासमोर बसला, आणि दुपारच्या बसची वेळ होईपर्यंत बोलत राहिला, हेडफोनशिवाय.