जेवढी माणसं, तेवढी ताटं

काल बाजारात मटार दिसले आणि फिलूची आठवण आली. फिलू म्हणजे फिलोमिना, मरोळच्या आमच्या बालवाडीतली माझ्या जोडीची टीचर. बालवाडीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, फिलू वसईला लेकीकडे गेली. किस्से तेवढे माझ्या वाट्याला आले, आणि सांगायला बसले की संपता संपत नाहीत.

आमच्याकडे वह्या नव्हत्या. मटार सोलायचे, चपला लावायच्या, ताटं मांडायची, त्यातच सगळं गणित. आईबाप वैतागायचे, पोरं खूश असायची.

एकदा रेहानला म्हटलं, "दारातल्या चपला सारख्या-सारख्या एकत्र लाव." पठ्ठ्याने सगळ्या डाव्या एका कोपऱ्यात आणि सगळ्या उजव्या दुसऱ्या कोपऱ्यात लावल्या! घरी जायच्या वेळी वाट लागली नुसती. फिलू म्हणते कशी, "चुकलं काय त्याचं? सारख्याच तर आहेत."

मटारांचा तास चालू होता. ओमच्या शेंगेत सहा दाणे निघाले. थोड्या वेळाने बघते तर वाटी रिकामी. "आता किती राहिले रे?" ओमने आ करून दाखवला. सहाच होते.

रिया केळ्याचे दोन तुकडे करायची आणि मोठा स्वतः घ्यायची. फिलूने नियम काढला, कापणाऱ्याने आपला तुकडा नंतर उचलायचा. रियाने सुरी खाली ठेवली. "मग तूच काप." असलं डोकं मला या वयातही नाही यार.

आणि सान्वी. तिची आई एक दिवस तणतणत आली. "टीचर, मोठ्या शाळेत जायची वेळ आली, हिला चारपर्यंत धड मोजता येत नाही. नाव काढते, क्लासला घालते." सान्वी माझी ओढणी घट्ट धरून उभी. तिला जायचं नव्हतं.

फिलू म्हणाली, "ताई, पाच मिनिटं बसा, तुमच्यासमोरच बघू. सान्वी, तुमच्या घरातल्यांची ताटं मांड गं."

सान्वीने एकेक ताट ठेवलं. "हे पप्पांचं. हे आजीचं. हे माझं." आणि थांबली.

"बघितलंत? माणसं चार आणि ताटं तीन," आई म्हणाली.

"मम्मीचं कुठाय गं?" फिलूने विचारलं.

"मम्मीचं ताट नसतं. सगळ्यांचं झालं की ती ओट्यापाशी उभी राहून कढईतलं खाते."

आईने ती तीन ताटं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाली, "बरोबर मोजलंय तिनं, टीचर. नाव राहू दे."