वांगेवालीचा डावा डोळा

धाडच्या आठवडी बाजारात एक बाई वांगी विकायला बसे. महाराष्ट्र तेव्हा नवाच झाला होता. मी देऊळघाटहून येऊन तिच्याकडूनच वांगी घ्यायचो, पण तिचं नाव मला माहीत नाही. तिचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. त्या डोळ्यासमोरून जाताना बाया लेकरांना पदराखाली घेत. ती खाली मान घालून वांगी पुसत राही.

एकदा गावातला एक बडा शेतकरी तिच्यापुढे येऊन ओरडला, "तुह्या नजरेनं माह्या म्हशीचं दूध आटलं!" आणि त्यानं टोपलीला लाथ घातली. वांगी रस्त्यावर घरंगळली. गर्दी जमली, पण त्याला कोणी अडवलं नाही. माझं डोकं भणाणलं.

बाई उठली. तिनं उजवा डोळा तळहातानं झाकला.

"डाव्यानं मले काहीच दिसत नाही, पाटील. जन्माचा आंधळा हाय तो. म्हैस सोडा, तुम्हीबी दिसत नाही." मग हात काढून तिनं त्याच्यावर नजर रोखली. "दिसते ते ह्या उजव्यानं. आता पाहून राह्यली मी तुम्हाले."

पाटलानं झटकन उपरण्यानं तोंड झाकलं आणि तो निघून गेला. लोक हसले. बाई आणखीच भडकली. "हसता काऊन? तुम्हीबी भेतच होते ना? वांगे उचला माहे!"

लोक पांगले. वांगी मी गोळा केली.

पुढच्या बाजाराला शेजारची भाजीवाली माझ्या कानाशी आली. म्हणाली, "जपून जा, भाऊ. आता तिचा उजवा डोळाबी वाईट निघाला म्हणतात."