ढकलायचं नाही, सोडायचं

अक्का गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मीच सगळ्यांना दिली. सकाळची वेळ होती. गॅसवर दूध ठेवलेलं, गल्लीत भाजीवाला ओरडत होता आणि मी तिच्या खाटेला टेकून तिचा हात धरून बसले होते. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, मग एकानंतर दुसरा आलाच नाही... तो येईल म्हणून मी वाट बघत राहिले. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठले, गॅस बंद केला आणि फोन करायला घेतले.

अक्का माझी मावशी. आई तिला अक्का म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो, पुढं पुढं सगळी गल्ली म्हणायला लागली. माहेर गडहिंग्लजचं, घरात निम्मं कानडी. कोल्हापुरात मुलींच्या एका ज्युनिअर कॉलेजात तिनं जन्मभर फिजिक्स शिकवलं. लग्न केलं नाही. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि पुढच्या खोलीत, चारचौघं झोपाळा टांगतात त्या कडीला, लोखंडी गोळा टांगला. माती देऊन आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा हा गोळा आम्ही खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता. एक गृहस्थ त्याच्याकडे बघत म्हणाले, "एनर्जी कधी नष्ट होत नाही ताई. अक्का इथंच आहेत." मी हो हो केलं, पण आतून चरफडले. असं कुणी बोललं की अक्काचं डोकं फिरायचं. "ऊर्जा म्हंजे आत्मा न्हाय," ती म्हणायची. "गोळा किती वर गेला आणि किती जोरात खाली आला, त्याचा मेळ म्हंजे ऊर्जा. आत्म्याचं दुसऱ्या कुणाला तरी इचारा."

तो गोळा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतून तिनं ओतून घेतला होता. नारळापेक्षा थोडा मोठा, पण लहान मुलाला उचलवायचा नाही इतका जड. खेळ असा, की भिंतीला डोकं टेकवून उभं राहायचं, गोळा ओढून हनुवटीला लावायचा आणि सोडायचा. तो झोका घेऊन पार खिडकीपर्यंत जातो आणि तोंडावर चालून येतो. आपण हलायचं नाही. हनुवटीच्या जरा अलीकडे तो थांबतो आणि परत फिरतो. जिथून सोडला त्याच्यावर तो जाऊच शकत नाही, कारण तेवढी ऊर्जा त्याला कुणी दिलेलीच नाही. दर वर्षी अक्का वर्गातल्या पोरींना टोळीटोळीनं घरी आणायची आणि एकेकीला भिंतीशी उभं करायची. वर्गात ती शुद्ध पुस्तकी मराठी बोलायची, पण पोरीच्या हातात गोळा आला की गडहिंग्लज बाहेर पडायचं. "बिडु!" म्हणायची. कानडीत बिडु म्हणजे सोड. आणि लगेच, "ढकलायचं न्हाय. सोडायचं."

का ढकलायचं न्हाय, ते शेजारच्या तालमीतल्या बापूंनी सगळ्या पेठेला शिकवलं. गोळा पहिल्यांदा कडीला चढवायला तेच आले होते. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडायच्या. अक्कानं खेळ समजावून सांगितल्यावर बापू म्हणाले, "ह्यात काय हाय मॅडम, माणसं अंगावर घेतल्यात आम्ही," आणि भिंतीशी उभे राहिले. आता पैलवान गडी, चार माणसं बघतायत, नुसतं सोडून देणं त्यांच्या हाताला जमलंच नाही. त्यांनी गोळ्याला हलकासा रेटा दिला. तो खिडकीला जाऊन आला आणि बापूंचा ओठ फाटला, पुढच्या दाताचा टवका गेला. आम्ही घाबरलो. अक्का ओला पंचा घेऊन आली, ओठावर दाबला आणि विचारलं, "कुणी मारलं तुमास्नी?"

"गोळ्यानं की."

"न्हाय. तुमीच मारलं. तुमी जादा दिलं, त्यानं जादा परत आणलं. त्याच्या पदरचं त्यात काय न्हाय."

बापू पंचा धरून गोळ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठानं सगळी तालीम घेऊन आले आणि स्वतःच सांगायला लागले, "ढकलायचं न्हाय पावणं, नुसतं सोडायचं." तो टवका उडालेला दात त्यांनी शेवटपर्यंत तसाच ठेवला आणि लोकांना कौतुकानं दाखवला.

मला मात्र एक गोष्ट कधी जमली नाही. मी ढकलत नव्हते, हलतही नव्हते, पण गोळा परत यायला लागला की माझे डोळे मिटायचे. अक्काला ते बरोबर कळायचं. "मिटलंस की गं सुमे." मी म्हणायचे, माझा विश्वास आहे. ती म्हणायची, "इश्वास हाय म्हणूनच मिटलंस. म्हाईत असतं तर उघडं ठेवलं असतंस." पुढं मी वकील झाले, तेव्हा तर तिला चिडवायला आणखी निमित्त मिळालं. तुमच्या कोर्टातला नियम माणूस बघून वाकतो, माझा गोळा कलेक्टर आला तरी तेवढाच येतो, असं ती मला माझ्या पक्षकारांसमोर ऐकवायची.

रिटायर झाल्यावर बायका देवदेव करतात, अक्का गणित करायला लागली. एका दुपारी तिचा फोन आला, "ये. आत्ता ये." मी कोर्टातून तशीच काळ्या कोटात धावले. बघते तर खोलीभर कागद पसरलेले, पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वरवंटा, तांब्या, पोळपाट ठेवलेला आणि मध्ये अक्का मांडी घालून बसलेली, डोळे भरलेले. काय झालं विचारलं तर म्हणाली, "कळलं."

कॉलेजात शिकवत असताना एका पोरीनं तिला विचारलं होतं की ऊर्जा कायम राहते हे खरं, पण का राहते? अक्कानं उत्तर दिलं होतं, निसर्गाचा नियम आहे, बस खाली. ते तिला सलत होतं. आता तिच्यासमोर त्याचं गणित होतं, फार मागं एका बाईनंच मांडलेलं. मला कळावं म्हणून तिनं असं सांगितलं. "समज, सोमवारी पृथ्वी कमी ओढती आणि मंगळवारी जास्त. मग सोमवारी पाणी टाकीत चढवायचं आणि मंगळवारी खाली सोडायचं. चढवायला लागलं त्यापेक्षा जास्त हाताला येईल. फुकटात. पण तसं कधी होत न्हाय, कारण नियम वार बघून बदलत न्हाय. काल होता तोच आज हाय. एवढं एकच धर, आणि ऊर्जा टिकती हे आपोआप निघतं. कागदावर निघतं गं! मी माझ्या हातानं काढलं." मला त्या कागदांवरचं एक अक्षर समजत नव्हतं, पण अंगावर काटा आला. ज्या कारणानं बापूंचा दात उडाला त्याच कारणानं तारे बांधले गेलेत, आणि ते कारण इतकं साधं असावं... देवळात मला असं कधी झालेलं नाही. खरं सांगते.

पुढच्या आठवड्यात तिनं मला ओढून मुरगूडच्या एसटीत बसवलं. ती प्रश्न विचारणारी पोर आता मुरगुडात नांदत होती, तिला उत्तर द्यायला जायचं होतं. पोर कसली, सासू व्हायला आलेली बाई. भाकरी थापत होती. मॅडमना दारात बघून गडबडली आणि म्हणाली, "मी इचारलं होतं? मला तर आठवत न्हाय ओ." अक्का म्हणाली, "मला आठवतंय की," आणि चुलीसमोर पाटावर बसून सोमवार-मंगळवार सगळं सांगितलं. बाईनं पिठाचे हात तसेच धरून ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली. मग तिनं विचारलं, "आणि मॅडम, कालचा नियम आजबी तोच का राहतो?"

मला वाटलं आता अक्का अडकली. तर ती खुदकन हसली. "ते मला म्हाईत न्हाय," म्हणाली. "कुणालाच म्हाईत न्हाय." येताना एसटीत खिडकीशी बसून ती वाटभर उसाकडे बघत होती आणि मधूनच हसत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. ज्याला उत्तर नाही अशा ठिकाणी पोचायला माणसानं जन्मभर शिकावं आणि पोचल्यावर खूश व्हावं, हे मला त्या दिवशी अजब वाटलं होतं. आजही वाटतं.

मग तिचं हृदय थकत गेलं. शेवटच्या वेळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मशीनवर ठेवता येईल, पण त्यातून त्या परत येतील असं म्हणता येत नाही. अक्काला ते सांगायची गरज पडली नाही. ती म्हणाली, "घरला ने." मी नाही म्हणाले. आणखी थोडं बघू, पुण्यातल्या कुणाला तरी विचारू. आमच्या धंद्यात पुढची तारीख मिळाली की आम्ही पक्षकाराला पेढे आणायला लावतो, मुदत मागणं माझ्या रक्तातच आहे. दोन दिवस मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सुमे. बिडु."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "अक्का, मी तुला घरी नेणं म्हणजे तुला मरणाकडे ढकलणंच झालं."

"ढकललंस तर मी सांगतो की," ती म्हणाली. तिला दम लागत होता, थांबून थांबून बोलत होती. "तू ढकलत न्हाईस. तू नुसती... धरून बसलीयास."

त्या संध्याकाळी मी तिला घरी आणलं. नंतरचे दिवस शांत गेले. ती गोळ्याकडे बघत पडून राहायची, कधी मला एक झोका द्यायला लावायची. एकदा मी विचारलं, दर वेळी तो थोडा कमी येतो, ते थोडं जातं कुठं? "हवेत जातं, तारेत जातं, त्या कडीत जातं. कडी कणभर तापत असंल, तुला कळायची न्हाय. जात कुठंच न्हाय," ती म्हणाली, "फक्त परत गोळा करता येत न्हाय." आणि आपल्याच कोटीवर खोकला येईपर्यंत हसली.

परवा माझा भाऊ पेंटरला घेऊन आला. घर भाड्यानं द्यायचं ठरतंय, तर गोळा उतरवावा आणि भिंत रंगवावी. समोरच्या भिंतीवर तेलाचा एक लांबट डाग आहे. इतक्या वर्षांत जितक्या पोरी तिथं डोकं टेकवून उभ्या राहिल्या, त्यांच्या वेण्यांच्या खोबरेल तेलाचा. खालच्या बाजूला लहानपणीचा माझाही असणार. पेंटर म्हणाला, हा डाग रंगातून परत वर येईल, आधी घासावा लागेल. मी त्यांना दोघांना चहाला पाठवलं.

गजाला बांधलेला गोळा मोकळा केला, डागावर डोकं टेकवलं, थंडगार लोखंड हनुवटीला लावलं. हात सुटेनात. तसंच उभं राहून दंड भरून आले. मग मीच मोठ्यानं म्हणाले, बिडु... आणि सोडला. तो खिडकीपर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला आणि माझ्यावर आला. मोठा होत होत आला. मी डोळे मिटले नाहीत. तोंडासमोर येऊन तो उभा राहिला, मला त्याच्यावरचा गंज दिसला, आणि तो परत गेला.

हनुवटीपासून थोडा अलीकडे थांबला होता. जेवढं कमी आलं तेवढं ह्याच खोलीत आहे. गोळा करता येत नाही.