नियम क्रमांक चौदा आणि आमचे सेक्रेटरी

हार्डवेअरच्या दुकानात माणूस अर्ध्या इंचाचा वॉशर न्यायला येतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. वॉशर खपतात, किस्से साठत राहतात. त्यांना गंज चढत नाही आणि कुणी परतही मागायला येत नाही. म्हणून म्हटलं, गोदाम जरा रिकामं करावं.

दुकान द्वारकेत. म्हणजे दिल्लीच्या द्वारकेत. तिथे फ्लॅट घेतल्याचं गावी कळवलं, तेव्हा इचलकरंजीच्या आत्याने उत्तर पाठवलं होतं, "फार पुण्याचं काम केलंस, प्रसाद पाठव." तर ती द्वारका नव्हे. इथे सगळ्या सोसायट्याच सोसायट्या, आणि दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान.

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच माझं नळ-पाइप-वायरिंगचं दुकान. मी शिकलो दहावीपर्यंत, पुढचं सगळं काउंटरवर. तरी लोकांनी मला मॅनेजिंग कमिटीत घेतलं. माझ्या अनुभवासाठी घेतलं असं ते म्हणतात. खरं तर मोटर बिघडली की पान्यासकट मेंबर हजर पाहिजे, म्हणून घेतलं.

कमिटीचे अध्यक्ष चौधरीसाहेब, सोनीपतकडचे, फौजेतून रिटायर. आवाज असा की त्यांच्या घरातला इंटरकॉम केवळ शोभेला! आणि सेक्रेटरी आमचे इनामदार. मूळचे साताऱ्याचे, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून नोकरी काढली आणि मग इथे आले. सरकारने त्यांना साठाव्या वर्षी सोडलं, पण त्यांनी सरकारला सोडलं नाही. आल्या-आल्या त्यांनी नोटीस बोर्डावर नियम लावायला सुरुवात केली, नंबर घालून.

त्यातला नियम क्रमांक चौदा लक्षात ठेवा: फ्लॅटमध्ये कोणताही व्यवसाय करता येणार नाही.

तळमजल्यावर आमच्या रोझलिनताई परेरा पाळणाघर चालवतात. मूळ वसईच्या. नवऱ्याची कंपनी गुंडाळली तेव्हापासून त्यांचं घर त्या पाळणाघरावरच चालतं. सोसायटीतल्या निम्म्या नोकरदार आयाही त्यावरच चालतात. नियम चौदा लागला त्या दिवशी रोझलिनताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बोर्डावर माझं नाव लिहायचंच तेवढं बाकी ठेवलंय!"

* * *

आधी नियम दोन सांगतो. गेटवर आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि काम विचारून, फ्लॅटवर इंटरकॉम करून, परवानगी मिळाली तरच आत सोडायचं. ओळखीचा चेहरा असला तरी सूट नाही. हे शेवटचं वाक्य खुद्द इनामदारांनी पेनने वाढवलेलं.

दुसऱ्याच दिवशी इनामदार भाजी घेऊन आले. गार्ड रामसिंग नवा, पण आज्ञाधारक. त्याने सलाम ठोकला आणि बॅरियर खालीच ठेवला.

"अरे, मैं हूँ!"

"जी साब, पहचानता हूँ. इसीलिए तो रोका है. जान-पहचान का चेहरा..." पुढचं त्याने बोटाने बोर्डावरच दाखवलं.

इनामदारांचा नाइलाज झाला. रामसिंगने त्यांच्या फ्लॅटवर इंटरकॉम केला.

"मैडम, इनामदार साहब आए हैं. भेज दूँ?"

वहिनी पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "काम क्या है, पूछो."

* * *

नियम सात: लिफ्टमध्ये कुत्रा नेता येणार नाही.

चौधरीसाहेब राहतात सहाव्या मजल्यावर आणि त्यांचा शेरू हा चांगला वासराएवढा लॅब्रॅडोर. इनामदारांनी लिफ्टपाशी अडवलं, तर चौधरीसाहेबांनी दोन्ही हातांनी शेरूला उचलून छातीशी धरलं.

"लिफ्ट में मैं खड़ा हूँ. कुत्ता तो मेरी गोद में खड़ा है."

संध्याकाळी नियमाला पुरवणी लागली: गोद में भी नहीं!

चौधरीसाहेब फौजी माणूस. लेखी ऑर्डर आली म्हटल्यावर वाद संपला. शेरूला घेऊन रोज सहा मजले चढू-उतरू लागले. आता ते चिडतील, मीटिंग बोलावतील, अशी तयारी करून इनामदार मुद्दे काढून बसले होते. तीन महिन्यांनी चौधरीसाहेब मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभे!

"डॉक्टर बोला शुगर एकदम कंट्रोल में है. ऐसे दो-चार नियम और बनाओ यार!"

इनामदारांनी डबा ठेवून घेतला, पण आठवडाभर त्यांचं तोंड कडूच होतं.

* * *

सेवा द्यायची तर तक्रारी ऐकल्या पाहिजेत, म्हणून इनामदारांनी ऑफिसबाहेर तक्रारपेटी बसवली. कुलूप माझ्याच दुकानातलं, चांगलं सात लिव्हरचं. महिन्याभरात किल्ली हरवली.

पेटी उघडत नाही अशी तिघांनी रीतसर लेखी तक्रार केली. पेटीत टाकली.

मी म्हटलं, "साहेब, कुलूप तोडून देतो, पाच मिनिटांचं काम."

"तसं कसं? तोडायला कमिटीचा ठराव लागेल. आणि ठराव मांडायचा तर आधी लेखी तक्रार पाहिजे!"

पेटी अजून तशीच आहे. कुलूप चांगलं निघालं, एवढं मात्र मी गिऱ्हाइकांना सांगतो.

* * *

इनामदारांच्या हिंदीबद्दल सांगायला हवं. तीस-पस्तीस वर्षं दिल्लीत काढली, पण त्यांची हिंदी म्हणजे धोतरावर कोट. वरून दिसते हिंदी, आत पक्कं सातारी मराठी.

मे महिना होता. टँकर दिवसाआड, आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पाइप लावून गाडी धूत होते. इनामदार खाली धावले. भोवती माणसं जमली.

"फिर से ऐसा किया, तो मैं तुम्हारा पानी तोडूँगा!"

ते गृहस्थ चक्रावले. वरून, सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून चौधरीसाहेबांचा आवाज आला, "इनामदार साहब, पानी तोड़ोगे कैसे? पहले बर्फ तो जमने दो!"

सगळे हसले. इनामदार अजिबात हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ, यात हसण्यासारखं काय आहे? पाणी तोडतातच की!"

मी म्हटलं, "तोडतातच."

* * *

आता नियम चौदाकडे वळतो, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी अखेर तक्रार केलीच. पेटीत नाही, इनामदारांच्या हातात दिली. पाळणाघराचा गोंगाट होतो, दुपारी डोळा लागत नाही.

इनामदार एकतर्फी काही करणारे नव्हेत. म्हणाले, "मी स्वतः पाहणी करणार." जेवण करून ठीक दोनला पाळणाघरात गेले. रोझलिनताईंनी त्यांना भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं. मुलं ओळीने गाद्यांवर आडवी. पडदे ओढलेले, कूलर चालू. रोझलिनताई एकेकाला थोपटत होत्या.

मी तिथला पंखा दुरुस्त करायला चारच्या सुमारास गेलो. मुलं उठून दूध पीत होती. इनामदार मात्र खुर्चीतच गाढ झोपलेले. अंगावर बदकांची चादर!

एका चार वर्षांच्या पोरीने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं, "अंकल, शोर मत करो! नया बच्चा सो रहा है!"

इनामदार जागे झाल्यावर रोझलिनताईंनी त्यांना दोन बिस्किटं दिली. त्यांनी ती खाल्ली. चादरीची घडी घालून दिली. मग ऑफिसात जाऊन अहवाल लिहिला: "प्रत्यक्ष पाहणी केली. दोन ते चार या वेळेत कोणताही आवाज ऐकू आला नाही."

मला वाटलं, चला, मिटलं! मी तसं म्हणालोही.

इनामदार म्हणाले, "शेठ, आवाज नाही हे खरं. पण नियम आहे हेही खरं. आज पाळणाघराला सोडलं, तर उद्या कुणी फ्लॅटमध्ये ढाबा काढेल. त्याला कोणत्या तोंडाने अडवू?"

माणूस वाईट नाही हो. त्यांना रोझलिनताईंचं वाकडं करायचं नव्हतं. त्यांना फक्त चौदा नंबर सरळ ठेवायचा होता.

रोझलिनताईंना नोटीस गेली: पुढच्या रविवारच्या जनरल बॉडीत निर्णय होईल. त्या आठवड्यात त्या दुकानात आल्या, तेव्हा नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "भाऊ, गाझियाबादला मावसबहिणीकडे एक खोली बघून ठेवलीय. पण इथली मुलं तिकडे कशी येणार? आणि मुलंच नाहीत तर मी तिकडे जाऊन काय करू?"

माझ्याकडे प्रत्येक मापाचा नट असतो. त्या दिवशी मात्र मी नुसतेच खण उघडत-मिटत राहिलो.

* * *

रविवारी सकाळी दहाची मीटिंग. साडेनऊला इनामदार दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी एका गिऱ्हाइकासाठी पाइपाला टेप गुंडाळत होतो.

"शेठ, चौधरींचा कल मला कळलाय. ते पाळणाघर चालू ठेवा म्हणणार. मी आज तयारीनेच आलोय. तसं झालं तर पद सोडणार. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरोबर आहे साहेब, तत्त्व म्हणजे तत्त्व."

"सगळ्यांसमोर हिंदीत सांगावं लागेल. मागच्यासारखं हसू नको व्हायला." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "राजीनामा हा शब्द हिंदीत चालेल ना हो?"

मी टेपचा शेवटचा वेढा दिला.

"चालेल? अहो, पळेल!"

मीटिंग बेसमेंटच्या पार्किंगमध्ये. खुर्च्या, दोन उभे पंखे, चहाची किटली. रोझलिनताई सगळ्यात मागे बसलेल्या, खांद्यावर एक तान्हं बाळ. त्याच्या आईची एअरपोर्टवर ड्यूटी, तिला कसला रविवार! मराठी घरातली बाकी मंडळी सगळी एका लग्नाला फरिदाबादला गेलेली. म्हणजे मराठी कळणारे आम्ही तिघेच: इनामदार, रोझलिनताई आणि मी.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बोलले. मग चार आया बोलल्या, चौघी एकदम. मग चौधरीसाहेब उठले.

"भई, मेरी राय में बच्चे रहेंगे. पर मैं ज़बरदस्ती नहीं करूँगा. हमारे गाँव में फैसला तब होता है जब दूसरा पक्ष राज़ी हो. नियम सेक्रेटरी साहब का है. वो मान जाएँ तो ठीक, नहीं तो रोज़लिन बहन को जाना पड़ेगा. बोलो, इनामदार साहब!"

इनामदार उभे राहिले. शर्ट खाली ओढला.

"अगर आप सबकी यही इच्छा है," ते म्हणाले, "तो मैं इसी वक्त, सबके सामने, राजीनामा देता हूँ!"

चौधरीसाहेबांनी कानामागे हात धरला.

"क्या कहा?"

"राजीनामा!" इनामदार कडाडले.

चौधरीसाहेबांनी टेबल ओलांडून त्यांना मिठीत घेतलं. शेरूला घ्यायचे तस्सं! "जीते रहो! सुना सबने? राज़ीनामा! इतना बड़ा दिल!"

टाळ्यांचा कडकडाट. पद सोडायचं तर हिंदीत म्हणतात इस्तीफा; राज़ीनामा म्हणजे राजी असल्याची कबुली. इनामदार मिठीतून मान वर काढत ओरडले, "मेरा फैसला पक्का है!"

"सुनो, पक्का है!"

"मैं वापस नहीं लूँगा!"

"हम लेने भी नहीं देंगे!" चौधरीसाहेब गरजले. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थसुद्धा हात वर करून मोकळे झाले. कुणीतरी लाडवांचा डबा उघडला आणि चौधरीसाहेबांनी एक अख्खा लाडू इनामदारांच्या तोंडात भरला.

रोझलिनताई मागून माझ्याकडे बघत होत्या. मी पंख्याकडे बघत होतो. त्या उठल्या, पुढे आल्या आणि "थँक यू, काका" म्हणत खांद्यावरचं झोपलेलं बाळ इनामदारांच्या हातात देऊन डोळे पुसू लागल्या.

आता तोंडात लाडू आणि हातात बाळ. इनामदार हळूहळू सरकत माझ्या खुर्चीपाशी आले. लाडू गिळला. बाळ उठू नये म्हणून अगदी कुजबुजत विचारलं, "शेठ, हे काय चाललंय?"

"तुमचा राजीनामा एकमताने मंजूर झाला, साहेब."

त्यांनी टाळ्यांकडे पाहिलं, लाडवांकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं.

"मग आता सेक्रेटरी कोण?"

"अहो, तुम्हीच!"