बेटावरची हाक
ओल्या गाळाचा वास आला की नांदेडची गोदावरी आठवते. निजामाची अखेरची वर्षं होती, मी आठ वर्षांची. एका म्हाताऱ्या नावाड्याने आईला आणि मला सकाळभर नदीतलं बेट हिंडून दाखवलं. देऊळ, चिंचा, पटकीने ओस पडलेली घरं. एका पडक्या दाराशी तो थांबला. "हे माझं घर. लेक इथंच गेली. माझ्या हाकेला ओ देत न्हाई, बाईसाब. तुमी एकदा हाक मारून बगा." त्याने सांगितलेल्या नावाने आईने हाक मारली. मी भिंतीआड खडे वेचत होते. आईचा आवाज ऐकून सवयीने "ओ" दिली. तो धावत आला आणि मला पाहून मटकन खाली बसला. अजूनही कुणी हाक मारली, की ओ द्यायला माझी जीभ रेटत नाही.