गल्लीच्या हिशोबाने चार-शून्य

१२ मे २००१ रोजी कृष्णात बेलेकरने केबलचे एकशे दहा रुपये भरले. पावती फाडता फाडता केबलवाला विजयसिंह म्हणाला, "कृष्णातदा, तुझा त्यो बर्फाचा चॅनेल एक तारखेपासनं बंद करतोय."

"का गा?"

"निपाणीकडच्या बायका मागं लागल्यात, कन्नड चॅनेल लाव म्हणून. माझ्याकडं जागा एकच. तुझ्या चॅनेलवर ना क्रिकेट, ना कुस्ती. बघतंय कोण? तू एकटा."

"मी पैसं भरतोय की."

"त्या बी भरत्यात. आन त्या अकरा जणी हायत." विजयसिंहाला थोडी दया आली असावी. "हे बघ, वीस घरं आण. महिनाभर ठेवतो."

कृष्णात उद्यमनगरातल्या एका शीतगृहात लोण्याच्या कोठीवर कामाला होता. आत उणे अठरा, बाहेर कोल्हापूरचा मे महिना. तो सकाळी दोन स्वेटर, कानटोपी आणि गमबूट पिशवीत भरून निघायचा आणि संध्याकाळी भुवयांवरचं दव पुसत रसाच्या गाड्यासमोरून घरी यायचा. उन्हाळ्यात सर्दी झालेला गल्लीतला तो एकमेव माणूस. १९९६ साली घरी केबल आली आणि एका सकाळी त्याला बर्फावरची हॉकी दिसली. जाडजूड कपडे घातलेली, तोंडातून वाफ सोडणारी माणसं धावत होती, पडत होती. आपल्या धंद्यातली माणसं टीव्हीवर दाखवतात हे त्याला त्या दिवशी प्रथम कळलं. तेव्हापासून तो त्या खेळाचा झाला.

खेळ म्हणजे अमेरिकेतली दुसऱ्या फळीची एक स्पर्धा होती. त्यात एका सरोवराकाठच्या गावाचा संघ होता, आणि तो कृष्णातचा संघ. पाच वर्षांत तो कधी अंतिम फेरीत आला नव्हता. या वर्षी आला होता. समोर खाणीच्या गावाचा संघ. सात सामने, चार जिंकेल त्याचा चषक. पहिला सामना २९ मे रोजी, आपल्याकडे सकाळी सहाला. एक तारखेला चॅनेल गेला की खेळ अर्ध्यात तुटणार होता. कृष्णात वीस घरांच्या मागे लागला.

पहिल्या दिवशी एकच गिऱ्हाईक मिळालं, तेही चुकून. तालमीचे वस्ताद गणपतराव घरी लिंबू मागायला आले, तेव्हा टीव्हीवर एका जुन्या सामन्यात दोन खेळाडूंनी हातमोजे फेकले आणि एकमेकांना धरलं.

"पंच सोडवंनात का?" वस्तादांनी विचारलं.

"पडूस्तवर सोडवत न्हाईत."

गणपतराव लिंबू हातात घेऊन शेवटपर्यंत बसले. उठताना म्हणाले, "खेळ इमानी हाय. पर वीस घरं अशी न्हाई मिळायची. बाजू पायजे. कोल्हापुरात बाजू घेतल्याबिगर कोण मॅच बघतंय?"

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी तालमीत बैठक झाली. वरच्या गल्लीचा पुढारी केरबा, खालच्या गल्लीचा पिराजी. संघांची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात. मग पहिल्या सामन्यात कोण काय घालणार ते कृष्णातला विचारून रंग वाटून घेतले. वरच्या गल्लीला पांढरे, खालच्या गल्लीला तांबडे. हरणाऱ्या गल्लीने जिंकणाऱ्या गल्लीला मटणाचं जेवण घालायचं. दोन दिवसांत वीसच्या जागी एकतीस घरं झाली. विजयसिंहाने जूनअखेरपर्यंत शब्द दिला.

रात्री जेवताना कृष्णात एकच घास ताटात फिरवत होता. पूर्णिमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं, "आता काय झालं? मिळाली की घरं."

"एक घोटाळा हाय. तिथं ज्याचं मैदान त्यो पांढरं घालतोय, पाव्हणा तांबडं. पहिलं दोन सामनं सरोवरवाल्यांच्यात. तिसरा-चौथा खाणवाल्यांच्यात. तवा कपडं उलटं हुत्यात."

"मग सांगा की त्यास्नी."

"सांगितलं तर निम्मी घरं जातील."

"आन तुमचा संघ कंचा?"

"आधी पांढरा."

"आन आपण ऱ्हातो खालच्या गल्लीत, म्हंजे तांबडं," पूर्णिमा म्हणाली. "भाकरी घ्या."

पहिल्या सामन्याला तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तादांनी टीव्ही गदेशेजारच्या कोनाड्यात बसवला होता. वरच्या गल्लीने पांढऱ्या चादरी आणल्या होत्या. पांढऱ्यांचा गोलरक्षक अंगाने दांडगा, आणि त्याच्या मुखवट्यावर शिंगं काढलेली. केरबाने त्याला जागच्या जागी 'रेडा' नाव दिलं. रेड्याने चेंडू अडवला की वरची गल्ली हलगी वाजवायची. चेंडू म्हणजे तिथं काळी चकती असते, पण ते कृष्णातने एकदाच सांगून पाहिलं. पांढरे जिंकले. दुसऱ्या सामन्यातही जिंकले. कृष्णात तांबड्यांत बसून, तोंड पाडून, मनातल्या मनात नाचत होता.

तिसऱ्या सामन्याला संघ बर्फावर उतरले आणि केरबा उभा राहिला. रेडा तांबड्या कपड्यात होता.

"रेडा फुटला," केरबा म्हणाला.

"कितीला?" मागून कुणीतरी विचारलं. महापौर निवडीच्या आधी नगरसेवक कसे इकडचे तिकडे होतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे आश्चर्य फारसं कुणाला वाटलं नाही.

पिराजीने मांडी बदलली. "आला तर आला. घ्या त्याला आपल्यात."

कृष्णातला आता बोलणं भाग होतं. तो म्हणाला, "रेडा एकटा न्हाई. सगळंच बदलल्यात."

त्याने सगळं सांगितलं.

"म्हंजे परवा आम्ही ज्यांच्या नावानं हलगी फोडली, ते आज पिराजीचं?" केरबाने विचारलं.

"व्हय."

"आन हे तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पाच वर्षं झाली."

खेळ राहिला बाजूला आणि निवाडा सुरू झाला. गणपतराव म्हणाले, "लंगोट बदलला म्हणून पैलवान बदलत न्हाई. माणसामागं जावा."

केरबा म्हणाला, "वस्ताद, कुस्ती एकट्याची असती. हितं गल्ली हाय. आपल्या फुटबॉलात खेळाडू दर साली ह्या पेठेतनं त्या पेठेत जातोय. आपण जातोय व्हय त्याच्यामागं? माणसं येत्यात जात्यात. रंग ऱ्हातोय."

वस्तादांनीही मान डोलावली. ज्याचा रंग त्याचा विजय, असं ठरलं. तोवर पांढऱ्यांनी, म्हणजे आता खाणवाल्यांनी, तिसरा सामना जिंकला होता. फळ्यावर खडूने लिहिलं गेलं: पांढरे तीन, तांबडे शून्य.

कृष्णात शेवटच्या रांगेत बसून फळ्याकडे बघत होता. त्याच्या हिशोबाने सरोवरवाले दोन, खाणवाले एक. गल्लीच्या हिशोबाने तीन-शून्य. चौथा सामना पांढऱ्यांनी घेतला तर गल्लीचा चषक तिथंच संपणार आणि निपाणीच्या बायका वाट बघत बसलेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र चांगली होती. चौथ्या सामन्यात तांबडे म्हणजे सरोवरवाले. त्याची गल्ली आणि त्याचा संघ त्या एका सकाळी एका बाजूला आले. कृष्णात पहिल्या रांगेत कानटोपी घालून बसला आणि घसा बसेपर्यंत ओरडला. पिराजीने शेजाऱ्याला सांगितलं, "आता कळलं बघ. ह्यो खरा तांबडा."

पांढरे पाच-एकने जिंकले.

"चार झाल्या," केरबा म्हणाला.

"दोन-दोन झालंय," कृष्णात म्हणाला. पण त्याचा आवाज बसला होता आणि हलगी सुरू झाली होती. वरच्या गल्लीने गुलाल उधळत खालच्या गल्लीतून मिरवणूक काढली. मिरवणुकीत अर्ध्यावर कृष्णातला विजयसिंह भेटला.

"संपला न्हवं खेळ?"

"तीन सामनं राहिल्यात."

"कुणाचं?"

कृष्णातने बोटं मोजली. "वस्तादांचं एक घर हाय," तो म्हणाला, "आन माझं एक."

"कृष्णातदा, दोन घरं झाली."

संध्याकाळी त्या जागी कन्नड मालिका लागली.

हातकणंगल्यात कृष्णातची आक्का राहायची. तिच्या केबलवाल्याचं त्या चॅनेलकडे अजून लक्ष गेलं नव्हतं. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कृष्णात शेवटची एसटी पकडून तिच्याकडे मुक्कामाला गेला. सकाळी सामना बघायचा आणि तिथूनच कामावर. तिसऱ्या वेळी आक्काने चहा ठेवता ठेवता हळूच विचारलं, "पूर्णिमाशी काय वाजलंय का रं?"

"न्हाई गं. मॅच हाय."

"असू दे, असू दे. सांगायचं न्हाई तर नगं सांगू."

पाचवा सरोवरवाल्यांनी घेतला, सहावा खाणवाल्यांनी. सातवा सरोवरवाल्यांच्या मैदानावर झाला आणि शेवटच्या दोन मिनिटांत रेड्याने तीन वेळा आडवं पडून अडवलं. सरोवरवाले जिंकले, मालिका चार-तीन. आक्का दळण आणायला गेली होती. कृष्णातने पाच वर्षं वाट बघितलेला चषक टीव्हीतल्या माणसांनी डोक्यावर धरला, आणि त्याने उठून आक्काच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली. दुसरं काय करावं ते सुचेना.

संध्याकाळी तो पावशेर पेढे घेऊन गल्लीत आला. केरबा चौकातच उभा होता.

"कशाचं गा?"

"आम्ही जिकलो."

"आम्ही कोण?"

"सरोवरवालं. आज पांढऱ्यात हुतं."

केरबाने पेढा तोंडात टाकला. "व्हय की. गेल्या मंगळवारी."

कृष्णातने उरलेले पेढे घरी नेले. तो त्याच कोठीवर २००८ पर्यंत होता. तो चॅनेल गल्लीत पुन्हा लागला नाही. सरोवरवाले पुढं कुठवर गेले ते कधीतरी तो राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन बघायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

मटणाचं जेवण ठरल्याप्रमाणे झालं. खालच्या गल्लीने घरटी चाळीस रुपये काढले. कृष्णातने दिले नाहीत. दोन-दोनवर कुणी हरत नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. तो जेवायलाही गेला नाही. त्याचे पैसे पिराजीने पदरचे घातले. ते चाळीस रुपये अजून यायचे आहेत.